घरी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी उपकरणे : घंटा वाजल्यावर येणार कोण?

साठीपुढचा रुग्ण तपासताना रक्तदाब, साखर, झोप, भूक यांच्याबरोबर मी एक प्रश्न हमखास विचारतो, ‘रात्री घरी कोण असतं?’ वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लोक या प्रश्नाला हसायचे. घरात मुलगा, सून, नातवंडे, एखादा पुतण्या शिकायला राहिलेला, अशी आठ-दहा माणसे असायची. आता उत्तर जरा थांबून येते. ‘आम्ही दोघंच’ किंवा ‘मी एकटीच.’ मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला, कुणाची मुले आखातात तर कुणाची अमेरिकेत. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात दर शंभर माणसांमागे जवळपास दहा माणसे साठीच्या पुढची होती. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे.

यातील बहुतेकांना मुलांकडे कायमचे राहायला जायचे नसते. रंकाळ्यावरचे फिरणे, पेठेतली ओळख, अंबाबाईचे दर्शन, ठरलेला दूधवाला हे सोडून दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवस काढणे त्यांना नको वाटते. याला हट्ट म्हणू नये. ओळखीच्या घरात अर्धवट अंधारातही पाय बरोबर पडतो. ओळखीच्या माणसांत चार शब्द बोलणे होते. ज्यांना विसरभोळेपणा सुरू झाला आहे, त्यांचा गोंधळ जागा बदलल्यावर पुष्कळदा वाढतो. तेव्हा शक्य आहे तोवर आपल्याच घरी राहणे हे आरोग्याच्या दृष्टीनेही चांगले आहे. प्रश्न आहे तो सुरक्षिततेचा.

मग मुले काळजीपोटी वस्तू पाठवतात. रक्तदाबाचे यंत्र येते, हातात बांधायचे घड्याळ येते, दारावर कॅमेरा बसतो. सहा महिन्यांनी त्यातील निम्म्या वस्तू कपाटात असतात. माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांनी असेच घड्याळ काढून ठेवले. कारण विचारले तर म्हणाले, ‘डॉक्टर, त्ये माझी काळजी घेतंय का मी त्येची? रोज चार्ज करायचं, रोज पुसायचं!’ आजोबांच्या बोलण्यात तथ्य आहे. म्हणून कोणते साधन कशासाठी घ्यावे आणि घेतल्यावर ते कसे वापरावे, याचा आज विचार करू.

पडणे आणि पडून राहणे

म्हातारपणी घरात होणाऱ्या अपघातांत सर्वांत मोठा अपघात म्हणजे पडणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यात साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे. खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो, हे आपण आजूबाजूला पाहतोच. पण हाड मोडले नाही तरी एक धोका असतो व त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. तो म्हणजे पडल्यावर उठता न येणे.

एकटी व्यक्ती रात्री दोन वाजता न्हाणीघरात पडली आणि सकाळी सातला दूधवाल्याने हाक मारेपर्यंत तशीच राहिली, तर पाच तास गेले. एवढ्या वेळात ओल्या फरशीवर अंग गार पडते. एकाच बाजूवर भार राहिल्याने कातडीला इजा होते. दाबलेले स्नायू फुटू लागतात व त्यातून रक्तात मिसळणारी द्रव्ये मूत्रपिंडांना बाधतात. पाणी पोटात न गेल्याने त्यात भर पडते. पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. पडण्याचे कारण अर्धांगवायूचा झटका असेल, तर रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. ती वेळ फरशीवर पडूनच निघून जाते.

यासाठी घंटा हवी. तीही पडल्या जागेवरून वाजवता आली पाहिजे. महागडी साधने नंतर पाहू, एक स्वस्त साधन आधी सांगतो. दाराला लावतात ती बिनतारी घंटा विजेच्या दुकानात सहज मिळते. तिचे बटण वेगळे आणि वाजणारा भाग वेगळा असतो. वाजणारा भाग शेजारच्या घरात लावावा. एक बटण पलंगाजवळ आणि दुसरे न्हाणीघरात जमिनीपासून हातभर उंचीवर चिकटवावे. बटण नेहमीच्या उंचीवर लावले तर पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. दुकानदार सांगतो तेवढ्या अंतरावर ती भिंतींमुळे वाजेलच असे नाही, म्हणून वाजवून खात्री करावी. आपल्या पेठांत घराला घर लागून असते, तिथे ही घंटा उत्तम चालते. बटणातली बॅटरी वर्षातून दोनदा, पाडवा आणि दसऱ्याला बदलावी, म्हणजे लक्षात राहते.

काही घड्याळे माणूस जोरात पडला की आपोआप ठरवलेल्या नंबरवर फोन करतात. ती उपयोगी आहेत, पण त्यांच्या मर्यादा माहीत असाव्यात. भिंतीला धरून हळूहळू घसरलेला माणूस त्यांना पडल्यासारखा वाटतोच असे नाही. उलट टाळी जोरात वाजवली तरी एखादे वेळी सूचना जाते. शिवाय धोका जास्त न्हाणीघरात, आणि घड्याळ नेमके तिथेच काढून ठेवतात. पाण्यात चालणारे असेल तरच घ्यावे आणि चार्जिंगची वेळ दुपारच्या वामकुक्षीला ठरवावी. ज्याला हे जमणार नाही त्याने गळ्यात दोरीने अडकवलेला साधा बटणांचा फोन वापरावा. एक, दोन, तीन या बटणांवर शेजारी, मुलगा व डॉक्टर यांचे नंबर लावून घ्यावेत. स्मार्टफोनमध्येही एक बटण लागोपाठ दाबून मदत मागण्याची सोय बहुधा असते. किती वेळा दाबायचे हे फोनप्रमाणे बदलते, ते नातवाकडून शिकून घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. घंटा वाजली, फोन गेला, पुढे काय? पुण्यातल्या मुलाला रात्री दोनला समजले तरी तो सकाळपर्यंत पोचणार. म्हणून सूचना आधी दहा मिनिटांत घरी येऊ शकेल अशा माणसाकडे गेली पाहिजे. अशी निदान दोन माणसे ठरवावीत आणि त्यांना तसे स्पष्ट विचारावे. त्यांच्याकडे घराची किल्ली असावी. आतून कडी घातली असेल तर किल्लीचा उपयोग नाही, म्हणून बाहेरून किल्लीने उघडणारे लॅच बसवून कडी घालणे सोडावे. न्हाणीघराची कडीही बाहेरून उघडता येईल अशी असावी. आपल्या कोल्हापुरात गल्लोगल्ली तालीम मंडळे आहेत. गणपतीत जी पोरे रात्रभर जागतात, त्यांच्यापैकी दोघांचे नंबर आजींच्या फोनमध्ये असायला काय हरकत आहे? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. पण रुग्णवाहिका आल्यावर दार उघडायला माणूस लागतोच.

न पडण्याची व्यवस्था

घंटा पडल्यानंतरची झाली. पडूच नये यासाठी लागणाऱ्या वस्तू त्याहून साध्या आहेत आणि पैसे थोडे असतील तर आधी याच घ्याव्यात.

माणूस हलला की आपोआप लागणारा छोटा दिवा पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर लावावा. रात्री बटण शोधताना तोल जातो, तो प्रकार टळतो. कमोडशेजारी आणि अंघोळीच्या जागी भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा. टॉवेल अडकवायच्या नळीला धरून उठू नये, ती माणसाचे वजन पेलत नाही. दांड्याची उंची गवंड्याने ठरवू नये. त्या व्यक्तीला प्रत्यक्ष बसवून तिचा हात सहज जातो तिथे खूण करावी. अंघोळीला प्लास्टिकची हलकी खुर्ची न घेता रबरी पायांचे भक्कम स्टूल घ्यावे. जुन्या वाड्यांत उंबरे उंच असतात. त्यांच्या कडेवर पिवळा पट्टा ओढला तर कमी नजरेलाही ते दिसतात.

रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभे राहताच रक्तदाब उतरतो व चक्कर येते. घरी यंत्र असेल तर बसून एकदा आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत एकदा रक्तदाब मोजावा. मोजताना जवळ माणूस असावा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. रात्री उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेवर बसून मग उभे राहावे.

स्वयंपाकघरात गॅस गळतीची सूचना देणारे यंत्र बसवायचे तर ते जमिनीलगत बसवावे, कारण सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो व खाली साचतो. गॅसवर चालणारा गीझर मात्र बंद न्हाणीघरात कधीही नसावा. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि गॅस गळतीच्या साध्या यंत्राला तो कळतही नाही. असा गीझर मोकळ्या हवेत बसवून पाणी नळाने आत घ्यावे.

घरच्या घरी मोजमाप

रक्तदाबाचे यंत्र दंडावर पट्टा बांधायचे घ्यावे. मनगटाचे यंत्र हात थोडा वरखाली झाला तरी आकडा बदलते. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवी करून यावे, पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसावे, पाय जमिनीवर असावेत, पट्टा उघड्या दंडावर व छातीच्या पातळीत असावा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. घरी मोजलेल्या आकड्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर रक्तदाब वाढलेला समजतात. दिवसातून दहा वेळा मोजू नये. काळजीने तो वाढतो, मग पुन्हा मोजतात, पुन्हा काळजी! डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलेल्या आकड्यांची वही आम्हाला फार उपयोगी पडते. नाडी अनियमित असेल तर यंत्राचे आकडे फसवे असू शकतात, म्हणून ते एकदा डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहावे.

ग्लुकोमीटर वापरताना हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. आंबा चिरून तसेच बोट टोचले तर साखर भलतीच जास्त दिसेल. पट्ट्यांची मुदत पाहावी व डबीचे झाकण लगेच लावावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांना साखर वाढण्याइतकाच, किंबहुना अधिक तातडीचा धोका ती उतरण्याचा असतो. आजी अचानक असंबद्ध बोलू लागल्या, घाम फुटला, हात थरथरू लागले, तर साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा. यंत्र हाताशी नसेल तर तपासणीसाठी न थांबता साखर द्यावी.

गोळ्यांसाठी सात दिवसांच्या कप्प्यांची डबी हे फारच गुणी साधन आहे. दर रविवारी ती भरावी. शक्य असेल तर मुलाने व्हिडिओ कॉलवर पट्ट्या पाहत ती भरून घ्यावी. कप्पा रिकामा असेल तर गोळी घेतली, भरलेला असेल तर राहिली, यात वाद उरत नाही. फोनचा गजर आठवण देतो, पण गजर बंद करून गोळी विसरणारेही पुष्कळ असतात.

ऐकू कमी येत असेल तर कानाचे यंत्र जाहिरात पाहून मागवू नये. आवाज नुसता मोठा करणारे स्वस्त यंत्र आणि कानाची तपासणी करून त्याप्रमाणे बसवलेले यंत्र यांत पुष्कळ फरक आहे. शेवटी ज्याला फोनची घंटाच ऐकू येत नाही, त्याला बाकीची साधने काय कामाची?

फोनवरून डॉक्टर

कोरोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम केंद्र सरकारने प्रसिद्ध केले. त्याच सुमारास ई-संजीवनी ही सरकारी मोफत सेवा घरबसल्या वापरता येऊ लागली. दर महिन्याची चौकशी, तपासण्यांचे अहवाल, औषधांचे प्रमाण कमी-जास्त करणे यांसाठी फोन चांगला आहे. सांधे दुखत असताना जिने चढून दवाखान्यात येण्याचा त्रास वाचतो. बोलण्यापूर्वी आकड्यांची वही, गोळ्यांच्या पट्ट्या आणि चष्मा जवळ ठेवावा. पायाला जखम असेल तर उजेडात फोटो काढून पाठवावा.

पण फोनवरून छाती ऐकता येत नाही, पोट दाबून पाहता येत नाही. छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, पडल्यावर पायावर उभे न राहता येणे, या गोष्टींत व्हिडिओ कॉलची वाट पाहू नये. सरळ १०८ लावावा.

वीज गेली तर, पाणी आले तर

आपल्या जिल्ह्यात हा विचार करावाच लागतो. २०१९ च्या ऑगस्टमधील आणि २०२१ च्या जुलैमधील महापूर आपण पाहिले आहेत. २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद होता. पुण्यातून निघालेला मुलगा येऊ शकत नव्हता आणि अनेक भागांत वीजही नव्हती. अशा वेळी सगळी उपकरणे एकदम मुकी होतात.

पूर्वीचा तांब्याच्या तारेवरचा फोन घरातली वीज गेली तरी चालायचा. आता फायबरवर आलेला फोन घरातल्या विजेवर चालतो, ती गेली की तोही बंद पडतो. म्हणून एक साधा बटणांचा मोबाइल आणि भरून ठेवलेली पॉवर बँक घरात असावी. घरी ऑक्सिजनचे यंत्र लावलेला रुग्ण असेल तर इन्व्हर्टर किती वेळ पुरतो हे आधी मोजावे आणि भरलेला सिलिंडर जवळ ठेवावा. इन्सुलिनची न वापरलेली कुपी फ्रिजमध्ये ठेवतात. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे घरातल्या थंड जागी चालते, नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी. वीज नसेल तर माठाचा गारवा उपयोगी पडतो. पूरपट्ट्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात पंधरा दिवसांची औषधे, चष्मा, कागदांच्या प्रती व नंबरांची यादी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. चालता न येणाऱ्या माणसाला हलवायचे तर पाणी धोक्याच्या पातळीला पोचण्याची वाट पाहू नये.

लक्ष ठेवणे आणि मान राखणे

मुलांना आई-वडिलांवर लक्ष ठेवावेसे वाटते, ते स्वाभाविक आहे. पण कॅमेरा त्यांना विचारून बसवावा. दारावर ठीक आहे, झोपण्याच्या खोलीत व न्हाणीघरात नको. ज्या घरात आयुष्य काढले तिथे सतत कुणीतरी पाहते आहे असे वाटू लागले, तर माणूस आक्रसतो.

लक्ष ठेवण्याच्या सौम्य रीतीही आहेत. जपानमधील झोजिरुशी या कंपनीने २००१ मध्ये पाणी गरम ठेवणारी एक विजेची किटली आणली. आजीने चहासाठी पाणी घेतले की त्याची नोंद दूरच्या मुलांना संदेशाने जाते. सकाळचा चहा झाला म्हणजे आई उठली, बरी आहे. यात ना कॅमेरा ना चौकशी. आपल्याकडे हेच काम रोज सकाळी ठरल्या वेळी एक संदेश पाठवून होते. आठपर्यंत ‘चहा झाला’ असे आले नाही, तर मुलाने आधी आईला आणि उत्तर नसेल तर शेजारी फोन करायचा. ज्येष्ठ नागरिक संघांनी आपल्या एकट्या राहणाऱ्या सभासदांसाठी अशी साखळी बांधली तर त्याला खर्च काहीच नाही.

फोन हातात आला की फसवणारेही त्यातूनच येतात. ओटीपी, बँकेचा आकडा कुणालाही सांगू नये. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक कायद्यात नाही. तसा फोन आला तर बंद करून घरच्यांना सांगावे. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा सरकारी मदत क्रमांक आहे, तो सकाळी आठ ते रात्री आठ चालतो. काठी, कानाचे यंत्र, कमोडची खुर्ची अशा साधनांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये सुरू झाली. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील गरजूंना एकदाच तीन हजार रुपये देण्याचे ठरवले. अर्जाची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

या रविवारी एवढे करा

नवीन काही विकत घेण्यापूर्वी एक तालीम करून पाहा. न्हाणीघरात स्टूल ठेवून त्यावर आजी-आजोबांना बसवा. त्यांच्याजवळ असलेला फोन किंवा घंटा त्यांनी वापरावी. घरच्यांनी काही सुचवू नये, फक्त घड्याळ लावावे. कुणाला समजले, तो किती मिनिटांत आला, त्याच्याकडे किल्ली होती का, कडी उघडली का, हे लिहून काढावे. नंबर सापडला नाही, चष्म्यावाचून दिसला नाही, शेजारी गावाला गेले होते, असे काही ना काही निघेलच. जे निघेल ते दुरुस्त करावे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पाहावे. पाच-दहा मिनिटांत दार उघडून माणूस आत आला, तर तुमच्या घरातली साधने पुरेशी आहेत असे समजा.